लस टोचूनही डांग्या खोकला झाला, मग नव्या बाळाला टोचायचं की नाही?

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. लेक चंदगड तालुक्यात दिलीय. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा महिना सरत आलाय. तिच्याबरोबर थोरला नातू आलाय, नऊ वर्षांचा. तीन आठवडे होत आले, पोरगं खोकतंय. दिवसा बरं असतं, खेळतंय. रात्री एकदा उबळ सुरू झाली की थांबत नाही. तोंड लालबुंद होतं, डोळ्यांतनं पाणी येतं, श्वास घेताना घशातनं आवाज निघतो आणि शेवटी जेवलेलं सगळं ओकून टाकतं. बेळगावला नेलं तर डॉक्टर म्हणाले डांग्या खोकला. पाच दिवसांचं औषध दिलंय, दोन दिवस झाले, काही फरक नाही. औषध बदलून आणू का?

आणि मला हेच समजेना बघा, त्याच्या सगळ्या लसी झाल्यात. मग झाला कसा? शेजारच्या म्हणतात, टोचून काय मिळालं, गाढविणीचं दूध पाजा. कुणी म्हणतं, उसाच्या टोळ्या उतरल्यात, त्यांच्या पोरांनी आणला. आमच्या ह्यांनाही महिना झाला कोरडा खोकला आहे, पण ते बिडीचा म्हणून सोडून देतात. लेकीला टीटीची दोन्ही इंजेक्शनं झालीत, तिला अजून खोकला नाही. आता येणाऱ्या बाळाचं काय करायचं? त्याला टोचायचं की नाही? टोचायचं तर आमच्या उपकेंद्रात की शहरात ती न दुखणारी मिळते ती? जाऊबाई म्हणतात तीच चांगली.

एक आजी

उत्तर

काकू, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट नातवाची नाही, लेकीची आहे. म्हणून आधी ती सांगते. बाकीचं उत्तर निवांत वाचा, पण हे आज करा.

लेकीला झालेली इंजेक्शनं, ज्यांना आपण सगळे अजून टीटी म्हणतो, ती आता टीडीची असतात. त्यात धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांची लस असते. डांग्या खोकल्याची नसते. डांग्या खोकल्याचा भाग असलेली गरोदर बाईची लस वेगळी, तिला टीडॅप म्हणतात. गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत ती घ्यायची असते. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाकडे जातं आणि बाळ जन्मतानाच ते घेऊन येतं. मात्र त्याला दोनेक आठवडे लागतात. तुमच्या लेकीचा आठवा सरत आलाय, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत. ही लस सरकारी दवाखान्यात मिळत नाही, खाजगीत घ्यावी लागते, हजाराच्या पुढे खर्च येतो. ती फुकट मिळायला हवी असं मी ठामपणे मानते, पण आज तशी सोय नाही. बारशाच्या साडीचे पैसे मोडावे लागले तरी मोडा. टीडीची दोन्ही झाली असली तरी टीडॅप घेता येते, फक्त तिचं कार्ड डॉक्टरांना दाखवा.

याचा उपयोग किती, ते इंग्लंडात नीट मोजलंय. तिथे 2012 मध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली आणि त्या वर्षी 14 तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गरोदर बायकांना लस द्यायला सुरुवात झाली. ज्या आयांनी वेळेत घेतली, त्यांच्या बाळांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा रोग होण्याचा धोका साधारण नव्वद टक्क्यांनी कमी झाला. पुढे घेणाऱ्या बायका कमी होत गेल्या. 2024 मध्ये तिथे पुन्हा 14 हजारांहून जास्त रुग्ण सापडले आणि 11 बाळं दगावली.

लेकीसाठी दुसरी गोष्ट म्हणजे औषध. खोकणारं पोर आणि गरोदर बाई एका घरात, कदाचित एका खोलीत झोपतात. नातवाला ज्यांनी तपासलं त्यांना स्पष्ट विचारा की घरात आठव्या महिन्याची बाई आहे, घरातल्या सगळ्यांनी प्रतिबंधाचं औषध घ्यायचं का? नातवाला जे चालू आहे तशाच जातीचं औषध खोकला नसलेल्यांनाही काही दिवस देतात, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल तर. गरोदरपणात चालणारी औषधं त्यात आहेत. पण नातवाच्या बाटलीतलं किंवा पाकिटातलं काढून लेकीला देऊ नका. प्रत्येकाचा डोस वेगळा असतो.

आता नातू. औषध बदलू नका आणि पाच दिवसांच्या आत सोडूही नका. या खोकल्याचे जंतू श्वासनळीच्या आतल्या बारीक लवेला चिकटून बसतात आणि तिथे विष सोडतात. कफ वर ढकलायचं काम ती लवच करते. ती झडली की कफ आतच चिकटून राहतो आणि तो बाहेर काढायला पोर जिवाच्या आकांतानं खोकतं. तुमचं औषध जंतू मारतं. झडलेली लव पुन्हा यायला मात्र लावणीनंतर भात वर यायला लागतो तसा वेळ जातो, तो औषधानं कमी होत नाही. म्हणून जुनी माणसं याला शंभर दिवसांचा खोकला म्हणायची, आणि त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पुढचे दोन महिने खोकला हळूहळू उतरत जाईल. मध्येच सर्दी झाली तर पुन्हा उबळी येतील. त्याला घाबरू नका.

मग औषध द्यायचं कशाला, असं वाटेल. औषध दुसऱ्यांसाठी आहे. पाच दिवस पूर्ण झाले की त्याच्यापासून इतरांना लागण होत नाही. औषध घेतलं नाही तर उबळी सुरू झाल्यापासून तीन आठवडे तो ज्याच्या तोंडावर खोकेल त्याला हा रोग देऊ शकतो. घरात ज्यांच्या अंगात संरक्षण नाही अशा दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना तो होतो, इतका तो पसरणारा आहे. त्यामुळे तोवर त्याला शाळेत पाठवू नका आणि झोपायची सोय आईपासून वेगळी करा. खोकल्याची सिरपं दुकानातनं आणू नका, या उबळीवर त्यांचा काही उपयोग होत नाही. उबळ आली की त्याला बसतं करा, थोडं पुढं वाकवा, पाठीवर नुसता हात ठेवा. ओकून झालं की लगेच पेज किंवा मऊ भात थोडा थोडा द्या, कारण उबळीनंतर काही वेळ पोट शांत असतं आणि अन्न टिकतं. रात्री पोटभर जेवण नको. मध चाटवायला हरकत नाही, तो नऊ वर्षांचा आहे. एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला मात्र मधाचं बोटही लावायचं नाही. जन्मल्यावर चाटवायची रीत असली तरीही नाही, कारण त्या वयात मधातून घातक विषबाधा होऊ शकते.

गाढविणीचं दूध पाजू नका. आपल्याकडे गल्लीतनं हाळी देत येतात आणि बायका चमचाभर दुधाला भरपूर पैसे मोजतात, ते मला माहीत आहे. या जंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. शिवाय ते कच्चंच पाजतात, आणि तान्ह्या बाळाला कच्च्या दुधानं जुलाब-हगवण लागली तर ते दुसरंच संकट.

टोचूनही झाला कसा, हा प्रश्न तुम्ही रागानं विचारलाय, आणि तो राग मला समजतो. पोराला चार-पाच वेळा टोचताना तुम्हीच धरून बसला असाल. खरं उत्तर असं की डांग्या खोकल्याच्या लसीचं संरक्षण जन्मभर पुरत नाही. गोवराच्या लसीसारखी ही नाही. शेवटच्या डोसनंतर काही वर्षांत ते विरत जातं. प्रत्यक्ष रोग होऊन गेला तरी तो पुन्हा होऊ शकतो. आपल्या सरकारी वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलेंट, म्हणजे डांग्या खोकला धरून पाच रोगांची एकत्र लस, मग दीड ते दोन वर्षांत त्रिगुणीचा, म्हणजे डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात या तिघांच्या लसीचा, बूस्टर आणि पाच ते सहा वर्षांत दुसरा बूस्टर आहे. दहा आणि सोळा वर्षांना शाळेत टोचतात ती टीडी, तिच्यात डांग्या खोकला नाही. म्हणजे सहा वर्षांनंतर या रोगाविरुद्ध सरकारी डोस संपले. मोठी पोरं, तरुण, तुम्ही-आम्ही सगळे हळूहळू उघडे पडतो. आपल्याला तो सौम्य होतो, महिनाभर खोकतो आणि धूळ, बिडी, हवा बदलली म्हणून सोडून देतो. जंतू अशाच घराघरांतून जिवंत राहिलेत. रोग गेलाच नव्हता, दर तीन ते पाच वर्षांनी त्याची लाट येत राहते. हल्ली नाकाच्या मागचा स्राव घेऊन पीसीआर तपासणी होते, त्यामुळे पूर्वी नुसता खोकला म्हणून जायचा तो आता ओळखूही येतो.

तुमच्या घरात आणखी एक शक्यता मला दिसते. नातवाचं कार्ड एकदा काढून बघा. सगळ्या लसी झाल्या असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दीड वर्षापर्यंतच्या झालेल्या असतात. त्याला पाच वर्षं झाली तो कोरोनाचा काळ. शाळा-अंगणवाड्या बंद, सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना रिपोर्ट मागायचे, लेकी माहेरी अडकल्या, काहींना माहेरी येताच आलं नाही. पाच वर्षांचा बूस्टर त्या गोंधळात राहिलेली पोरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. आपल्या भागातल्या लेकरांचं लसीकरण तसंही दोन राज्यांत वाटलेलं असतं. जन्म माहेरी, म्हणून पहिले डोस बेळगाव जिल्ह्यातल्या तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या कार्डावर. पुढचे सासरी, कोल्हापूर जिल्ह्याच्या कार्डावर. इकडच्या नर्सबाईंना वाटतं तिकडे झालं असेल, तिकडच्यांना वाटतं इकडे झालं असेल. वेळापत्रक सगळ्या देशाचं एकच आहे. चंदगडला राहिलेला डोस खानापूरच्या उपकेंद्रात मिळतो, फुकट मिळतो, आणि कार्ड कुठल्या भाषेत आहे यावर काही अडत नाही. तुमच्या नातवाला आता त्रिगुणी देता येणार नाही, ती सात वर्षांपर्यंतच देतात. तो बरा झाल्यावर टीडॅपचा एक डोस देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. पण गल्लीत पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर त्यांच्या आयांना हे आजच सांगा. शाळेत घातलं म्हणजे लसी संपल्या असं फार जणींना वाटतं.

तरीही, टोचून काय मिळालं? जपाननं हे स्वतःवर करून पाहिलं. तिथे 1974 मध्ये वर्षाला चारेकशे रुग्ण होते आणि एकही मृत्यू नव्हता. लसीनंतर दोन बाळं दगावल्याची बातमी झाली, लोक घाबरले, लसीकरण थांबलं आणि पुन्हा सुरू झालं तरी फार थोडे जण टोचून घ्यायला आले. 1979 मध्ये 13 हजारांवर रुग्ण झाले आणि 41 जीव गेले. रोग तोच होता, पोरांच्या अंगातलं संरक्षण तेवढं गेलं होतं. तुमच्या नातवाला खोकला झाला तरी तो दिवसा खेळतोय, घरात झोपतोय. लहानपणी टोचलेल्या पोरांना रोग झाला तरी तो बहुधा सौम्य होतो.

हा रोग जीव घेतो तो मुख्यतः तीन महिन्यांच्या आतल्या बाळांचा, ज्यांचे डोस अजून सुरू झालेले नसतात किंवा पुरे झालेले नसतात. आणि तो तिथे अगदी वेगळ्या रूपात येतो, म्हणून घरच्यांना कळत नाही. तुमच्या नातवासारखा आवाज तान्ह्या बाळाकडून येत नाही. महिन्याभराचं बाळ दूध ओढता ओढता थांबतं, दोनदा-तीनदा बारीक खोकतं, किंवा खोकतही नाही. तोंड उघडं राहतं, ओठांभोवतीचा रंग आधी फिका आणि मग जांभळट होतो, छाती काही क्षण हलतच नाही. मग एकदम श्वास येतो आणि बाळ मलूल होऊन पडतं. आजी म्हणते, ठसका लागला असेल. तेवढ्यात ते पुन्हा दूध पितं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. काकू, असं एकदाही दिसलं तर घरी थांबायचं नाही. श्वास थांबणं, ओठ काळे-निळे पडणं, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं की 108 ला फोन करा आणि सिव्हिलला किंवा जवळ बालरोगतज्ज्ञ असतील त्या मोठ्या दवाखान्यात जा. घरात डांग्या खोकला होऊन गेलाय, हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यानं तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आता तुमच्या ह्यांचा खोकला. महिनाभराचा कोरडा खोकला नातवाच्या तीन आठवड्यांच्या आधीपासूनचा आहे. खोकला पोरानं आणला असं सगळं घर धरून चाललंय, पण तो आजोबांकडून पोराला गेला असणं जास्त शक्य आहे. मोठ्या माणसाला तो ओरडणारा आवाज येत नाही, त्यामुळे संशय येत नाही. त्यांना तपासायला न्याच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणीही करायची असते. क्षयरोगाची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. तान्हं बाळ येणार असलेल्या घरात दोन्ही गोष्टी कळायला हव्यात. बिडी बाळाच्या खोलीत आणि त्या खोलीच्या सोप्यातसुद्धा नको.

उसाच्या टोळीवर मात्र ठपका ठेवू नका. ती पोरं आजारी आहेत असं तुम्ही पत्रात कुठे लिहिलेलं नाही, आणि ज्यांचा खोकला जुना आहे ते तुमच्या घरातच आहेत. पण एक खरं, टोळीबरोबर फिरणाऱ्या लेकरांचे डोस राहतात, कारण सहा महिने ती गावात नसतात. खोपी पडल्या की आशाताईंना सांगा, नर्सबाई तिथे जाऊन टोचतात. त्या लेकरांनाही तुमच्या नातवंडाइतकीच गरज आहे.

येणाऱ्या बाळाला कुठली लस, हे विचारलंत ते फार बरं केलंत. जाऊबाईंना आदरानं सांगा, मी उपकेंद्रातल्या लसीच्या बाजूची आहे. तिच्यात जंतू अख्खा मारून वापरलेला असतो, म्हणून मांडी सुजते, एक-दोन रात्री ताप येतो, बाळ किरकिर करतं. न दुखणाऱ्या लसीत जंतूचे निवडक तुकडे असतात, त्यामुळे त्रास कमी, पण संरक्षण लवकर विरतं. अमेरिकेनं 1990 च्या दशकात या दुसऱ्या लसीकडे वळल्यानंतर शाळकरी पोरांत खोकला पुन्हा वाढलेला दिसला. तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी बबून माकडांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. न दुखणारी लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू राहिले आणि ते इतर माकडांना लागले. बाळाला काही कारणानं ती लस दिली गेली तर काही बिघडत नाही, न टोचण्यापेक्षा ती केव्हाही चांगली. पण दोन रात्रींचा ताप टाळायला पैसे खर्च करून कमी टिकणारी लस घेऊ नका. तापाला नर्सबाई सांगतील तेवढंच पॅरासिटामॉल द्या. दीड महिना भरला त्याच आठवड्यात पहिला डोस व्हायला हवा. दोन महिन्यांनी बघू, यात्रा झाल्यावर बघू, असं करू नका.

तोवरचे सहा आठवडे बाळाला सांभाळायचं काम तुमचं, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, कारण घरात आल्या-गेल्याला तुम्हीच सांगू शकता. पाचवी घरच्या घरी करा. बारसं थाटात करायचं असेल तर बाळाचे डोस सुरू झाल्यावर करा, नाव बाराव्या दिवशी घरातल्या चौघांत ठेवा. लक्ष्मीच्या यात्रेला पाहुणे येतील, मटणाचं जेवण होईल, एकेक जण बाळ बघायला आत येईल. ज्याला साधा खोकला आहे त्यानं दारातूनच बघायचं. तुम्ही सांगितलंत तर कुणी रागावणार नाही, सुनेनं किंवा लेकीनं सांगितलं तर रागावतील.

आणि धुरी. तेलानं मालीश करा, कोमट पाण्यानं न्हाऊ घाला, लेकीला शेक द्या, डिंकाचे लाडू द्या, यातलं काहीही बंद करायला मी सांगत नाही. फक्त ओवा-बाळंतशोपाची धुरी बाळाला देऊ नका. दार-खिडकी बंद करून, निखाऱ्यावर ओवा टाकून, त्या धुरावर बाळाला धरायचं, हे आपल्या घराघरांत चालतं. धुराला ओव्याचा वास येतो, पण बाळाच्या श्वासनळीला तो चुलीच्या धुराइतकाच बाधतो. छातीला कापूर चोळणंही नको. बाळ न्हाल्यावर कोरडं करून आईच्या छातीशी धरलं की तेवढी ऊब पुरते.

एक तुम्ही विचारलं नाहीत, पण लेक विचारेल. नऊ वर्षांच्या त्या पोराला धाकट्या भावंडाला हात लावू द्यायचा का? त्याचे औषधाचे पाच दिवस पुरे झाले की बाळाला त्याच्यापासून या रोगाचा धोका राहत नाही, खोकला पुढे महिनाभर चालू असला तरी. बाळंतपणाला अजून दिवस आहेत, तोवर ते केव्हाच पुरे होतील. गावात कुणी त्याला तूच रोग आणलास म्हटलं तर तुम्ही मध्ये पडा. साबणानं हात धुवायला लावा आणि बसवून मांडीवर बाळ द्या.